'कंपन'ची निवडक दहा

शिंत्र्यांनी खांद्यानं दार लोटलं आणि आधी गुळाचा वास आला.

"या वत्सलाबाई. धा वर्षं झाली अडत बंद करून, पर भिंतीतनं वास काय जाईना बघा. मुंग्यांचं तर नावच काढू नका."

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या जुन्या गूळगोदामात शिंत्र्यांनी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खाली गोणपाट, त्यावर लग्नातली सतरंजी. कोपऱ्यात काचेची खोली, तिच्यात हमीदभाई आणि त्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र. साल एक्क्याण्णव. गणपतीला महिना होता. मला त्रेचाळीस पुरी झाली होती.

बाहेरच्या खोलीत बाकावर एक मुलगी बसली होती. एकोणीस-वीसची असेल. मला बघून ती ताडकन उठली, तशी मांडीवरची पुडी खाली पडून शेंगदाणे घरंगळले.

"ही ऊर्मिला. गडहिंग्लजची," शिंत्रे म्हणाले. "तुमची धाच्या धा गाणी पाठ हैत तिला."

"कशाला पाठ केलीस गं?"

मुलगी शिंत्र्यांकडे बघायला लागली. शिंत्र्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"आसू दे म्हनून बोलावलीय, बाई. राग मानू नका. तुम्ही तीन वर्षं गायला न्हाई, आजारी हुता म्हनून कानावर आलं. तुमचा गळा चालला तर सोन्याहून पिवळं. आन न्हाईच चालला, तर गाणी ही म्हनंल. कव्हरवर फोटू तुमचाच राहील, त्यात बदल न्हाई."

"फोटो माझा आणि आवाज हिचा?"

"लोकास्नी काय कळतंय?"

मी बंद गळ्याच्या ब्लाउजचं वरचं हूक लागलंय ना, ते बोटानं चाचपून पाहिलं.

'कंपन' म्हणजे आम्ही दोघं. मी वत्सला इंगवले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आणि शमुवेल भोरे, तिथलेच तंत्रज्ञ. रविवारी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, म्हणून अख्खं एक्स्चेंज त्यांना मास्तर म्हणायचं. मी गणेशोत्सवातल्या मेळ्यांत गायचे. चौऱ्याऐंशी साली मास्तरांच्या मेहुण्यानं मस्कतहून एक जपानी कीबोर्ड आणला आणि आमचं सुरू झालं. तबला नाही, पेटी नाही, मागे चार माणसं नाहीत. त्या एका यंत्रात ठेका होता, व्हायोलिनं होती, बासरी होती. एक बटण पाऊस पाडायचं, एक टाळ्या वाजवायचं. एक बटण, दाबू तशी, अख्ख्या बाजाची पट्टी पायरीपायरीनं खाली उतरवायचं. गळा वर न पोचणाऱ्यांची ती सोय, म्हणून त्याला मी 'लबाडांचं बटण' असं नाव ठेवलं होतं. मी काळी पाचमध्ये गायचे. बाजाच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरायचा आणि तिथून वर जायचं. बायकांच्या मानानंही ती चढी पट्टी. मला तिचा गर्व होता.

गाणी आमची आम्हीच करायचो. 'गच्चीवरचा अँटेना', 'निळी बत्ती', 'सायकलची चेन'. सगळ्यांत गाजलं ते 'ट्रंककॉल'. त्यात मी 'हॅलो' हा एकच शब्द वर, वर ओढत न्यायचे आणि टोकावर धरून ठेवायचे. जत्रेत, कारखान्याच्या पटांगणावर पोरं खालून ओरडायची, "वायरवाली बाई, हॅलो म्हणा!" मोठे गवई नाकं मुरडायचे. "हे कंपन म्हणजे थंडी वाजून येते ते का हो?" असं एका बुवांनी मला तोंडावर विचारलं होतं. आम्ही हसायचो. चार वर्षांत पाच कॅसेटी निघाल्या.

त्या पाचांतली दहा गाणी निवडून शिंत्र्यांना एक कॅसेट काढायची होती. 'कंपनची निवडक दहा'. अलीकडे पाच, पलीकडे पाच. कपाट उघडलं तेव्हा त्यांना आपला पराक्रम कळला. कोऱ्या टेपा मिळत नव्हत्या त्या वर्षी त्यांनी आमच्या मूळ टेपांवरच आरत्या भरल्या होत्या.

"देवाचंच काम झालं की," शिंत्रे म्हणाले होते. "आता दोन दिवसांत परत गाऊन टाका."

दोघांना एकत्र आणणं हे मात्र देवाच्या कामाहून अवघड होतं.

*

मास्तर आतल्या खोलीत कीबोर्डच्या स्टँडच्या चारही पायांभोवती हळदीची रेघ ओढत होते. मुंग्यांसाठी. केस कानांवर पांढरे झाले होते. बाकी सदरा तोच, खिशाला पेनं तीच.

"नमस्कार, मास्तर."

त्यांनी मान वर केली. हातातली हळदीची पुडी तशीच राहिली. एका शब्दावरून आवाज तोलायला लागावा, तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नमस्कार, बाई. आवाज कसा आहे?"

"होता तसा."

"बरं."

तीन वर्षांत आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

बाहेर पाणी प्यायला गेले तर ती मुलगी अजून शेंगदाणेच खात होती.

"गाणाऱ्या माणसानं गाण्याआधी शेंगदाणे खाऊ नयेत," मी म्हटलं. "गळ्यावर तेल बसतं."

"मला आज गायचंच नाहीये, ताई. मास्तरांनी सकाळी आल्या आल्या सांगितलं, तू घरी जा पोरी, तुझं इथं काम नाही. पण शिंत्रेकाका म्हणाले, बस."

मला वाटलं, मास्तर अजून तसेच आहेत. समोर दुसरं माणूस आलं तर त्यांच्या कपाळाला आठी. आपला आपला सगळा कारभार. मी आत गेले.

पहिलं गाणं 'निळी बत्ती'. सोपं म्हणून आधी घेतलं. ठेका सुरू झाला, व्हायोलिनं आली, आणि माझा पाय आपोआप ताल धरायला लागला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. अंतऱ्याला वर चढले आणि आवाज फाटला. जुनं कापड टाकायच्या आधी आपण मुद्दाम फाडतो तसा, टर्रकन.

काचेच्या खोलीत शिंत्रे उभे राहिले.

"खोकला आला," मी म्हटलं. "परत घेऊ."

परत घेतलं. त्याच जागी, तसाच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली गाठ काढली होती. डॉक्टर आधीच म्हणाले होते, बोलण्याला काही होणार नाही, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. ही गोष्ट मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. घरी कोणी नसताना न्हाणीघरात रोज गाऊन बघायचे. रोज तिथंच फाटायचं. तरी शिंत्र्यांचं पत्र आलं तेव्हा हो म्हणाले. माझी दहा गाणी दुसरीच्या तोंडून निघणार आणि मी घरात बसून ती ऐकणार, हे मला जमलं नसतं.

शिंत्रे दार उघडून आत आले. "बाई, असं करू या का? तुम्ही जरा इसावा घ्या. तवर ऊर्मिला..."

"शिंत्रेसाहेब," मास्तर म्हणाले. ते शिंत्र्यांकडे बघतही नव्हते. "माझंच ठेक्याला चुकतंय. दोन मिनिटं द्या. आणि दार लावून घ्या, मुंग्या येतात."

शिंत्रे गेले. मास्तर कीबोर्डवर वाकले. टिक, टिक, टिक. तीनदा बटण दाबल्याचा आवाज आला. कुठला तरी सूर बदलत असतील, व्हायोलिन किंवा काही. मी घोटभर कोमट पाणी घेतलं.

"बटणांशिवाय काही सुचत नाही का हो अजून?" मी म्हटलं. राग मला माझाच आला होता, पण समोर ते होते.

"सुचलं तर सांगीन," मास्तर म्हणाले. "घ्या."

मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. पट्टी नुसती ऐकून ओळखण्याइतका माझा कान तयार नव्हता. मी नेहमी त्यांची बोटं बघायचे. बोटं काळी पाचवरच होती. ठेका आला. ओळ गेली, दुसरी गेली, अंतरा आला. मी डोळे मिटले आणि चढले.

आवाज गेला. सरळ, न फाटता, पूर्वी जायचा तसा. मला वाटतं, त्या दिवशी गाणं संपल्यावर मी जरा वेळ खुर्चीत बसले होते. काचेआडून हमीदभाईंनी दोन बोटं वर केली. चांगलं झालं की ते नेहमी तसंच करायचे.

संध्याकाळपर्यंत पाच गाणी झाली. एक बाजू भरली. निघताना शिंत्रे म्हणाले, "बाई, मानलं! गळा धुऊन वाळत घातल्यागत झालाय."

मी घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी जेवताना दोनदा भात मागून घेतला.

*

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले, तरी मास्तर आधीच येऊन, तारा जोडून, यंत्र चालू करून बसले होते. सकाळी चार गाणी झाली. चारही सहज. मी इतकी खुशीत होते की ऊर्मिलाला आत बोलावून सतरंजीवर बसवलं. "ऐक," म्हटलं, "काळी पाच काय असते ते ऐक." मुलगी एकदा मास्तरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गुडघ्यात तोंड घालून बसली. मला वाटलं, भारावली असेल.

उरलं फक्त 'ट्रंककॉल'. ते जेवणानंतर घ्यायचं ठरलं. शिंत्र्यांच्या घरून झुणका-भाकरी आली होती. आम्ही सतरंजीवरच बसलो. मास्तर माझ्यासमोर. भाकरी मोडताना दोघांच्याही मनात एकच गाव असणार. इचलकरंजी.

तीन वर्षांपूर्वी इचलकरंजीला सूतगिरणीच्या पटांगणावर दोन हजार माणूस होतं. 'ट्रंककॉल' ऐन रंगात आलं आणि लाईट गेली. कीबोर्ड मुका झाला, माईक मुका झाला. मी थांबले नाही. लोकांच्या टाळ्यांवर गाणं पूर्ण केलं, 'हॅलो' मागच्या रांगेपर्यंत नेऊन ठेवलं. काय ओरडली माणसं! आणि त्या भरात, अंधारात, मी मोठ्यानं म्हणाले, "बघा, लाईट गेली आणि मास्तर संपले! गाणारीला वायर लागत नाही. बटणं दाबणाऱ्याचं काय, लाईट आली की येतील परत!"

पटांगणभर हशा झाला. बराच वेळ चालला तो हशा.

लाईट आल्यावर मास्तरांनी उरलेली चारही गाणी बिनचूक वाजवली. मग कीबोर्ड पेटीत घातला आणि आमच्या गाडीत न बसता एसटीनं गेले. महिनाभरात त्यांनी सांगलीला बदली मागून घेतली. मी पत्र लिहायचं ठरवलं होतं. एकदा तर रोजच्या कामात सांगली एक्स्चेंज लावताना पलीकडून त्यांचंच "हॅलो" आलं. मी दुसऱ्याच कुणाची लाईन जोडून दिली आणि हेडफोन काढून ठेवला.

"भाकरी घ्या अजून," मास्तर म्हणाले.

"नको. गायचंय."

तेवढ्यात वरचा दिवा विझला आणि पंखा हळूहळू थांबला.

"घ्या!" शिंत्रे बाहेरून ओरडले. "गेली लाईट!"

ऊर्मिला उगाच खोकली. मास्तर हात धुऊन आले आणि मुक्या कीबोर्डसमोर, मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मी समोर. पाऊण तास आम्ही त्या गुळाच्या वासात बसलो होतो. मला बोलायचं होतं. इचलकरंजी एवढा एकच शब्द काढायचा होता, पुढचं पुढे झालं असतं. पण आदल्या दिवसापासून गळा पुन्हा माझा झाला होता, आणि गळा चालत असला की मला नमतं घेता येत नसे.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. शिंत्रे धावतच काचेमागे गेले.

"बाई, मास्तर, लगीच घ्या! परत जायच्या आत!"

हमीदभाईंनी टेप चालू केली. मास्तरांनी घाईघाईनं ठेका लावला. फोनची घंटी वाजल्यासारखा तो सुरुवातीचा तुकडा आला, आणि मला तो जरा जास्तच लख्ख वाटला. मी पहिली ओळ घेतली. गळ्याला आतून काहीतरी टोचलं. दुसऱ्या ओळीला मान ताणावी लागली. 'हॅलो'ला चढले आणि टर्रकन फाटलं. न्हाणीघरात रोज फाटायचं तसं.

शिंत्र्यांचा चेहरा काचेला टेकला. ऊर्मिला सतरंजीवरून अर्धी उठली होती.

"थांबवू नका टेप," मास्तर म्हणाले. "चूक माझी आहे. लाईट गेल्यावर..." ते तिथंच थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मग कीबोर्डवर वाकले.

टिक. टिक. टिक.

कालच्यासारखीच, तीनदा.

मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. व्हायोलिनाचं बटण नव्हतं ते, ठेक्याचंही नव्हतं. ते लबाडांचं बटण होतं. एकदा दाबलं की अख्खा बाजा अर्धा सूर खाली, बोटं होती त्याच पट्टीवर. लाईट गेली की यंत्र सगळं विसरायचं आणि मूळच्या जागी जाऊन बसायचं. दोन दिवस मी काळी पाचमध्ये नव्हतेच. दीड सूर खाली, पांढरी पाचमध्ये गात होते, आणि त्या मुलीला काळी पाच ऐकवत होते.

मी ऊर्मिलाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. जुन्या कॅसेटींवर पाठ केलेली गाणी तिची. तिला पहिल्या दिवसापासून कळलं असणार.

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून वाट बघत होते, मी काय करते याची. मी उठून गेले असते तर त्यांनी कीबोर्ड पेटीत घातला असता आणि एसटीनं सांगलीला गेले असते. काचेमागे शिंत्रे ऊर्मिलाला हातानं खुणा करत होते, उभी राहा म्हणून. टेप फिरत होती.

'ट्रंककॉल'मधलं 'हॅलो' बाकीच्या नऊ गाण्यांपेक्षा वर जायचं. तीन पायऱ्यांनी तिथं भागणार नव्हतं. हे माझ्या गळ्याला ठाऊक होतं आणि मास्तरांनाही ठाऊक असणार. पण चौथी त्यांनी आपणहून दाबली नव्हती.

मी मानेवरचं हूक काढलं. गळा मोकळा केला. टाक्यांची खूण दिसली तर दिसली.

"मास्तर," मी म्हटलं, "अजून एकदा दाबा."

त्यांनी मान वर केली. माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाबतो, बाई," ते म्हणाले. "लाईट आहे तोवर करून घेऊ."

आधी ऊर्मिला फिसकन हसली आणि तिनं तोंडावर ओढणी दाबली. मग मी. मास्तर हसले नाहीत, पण त्यांच्या खिशातली पेनं हलत होती.

गाणं एका दमात झालं. काचेआडून हमीदभाईंनी दोन बोटं वर केली.

*

कॅसेट गणपतीच्या आत आली. कव्हरवर आम्हा दोघांचा जुना फोटो, खाली 'मूळ कलाकारांच्या आवाजात'. लोक म्हणायचे, बाईंचा आवाज आता भारदस्त झालाय. मी मान हलवायचे. पुढं आम्ही पाच वर्षं कार्यक्रम केले, सगळे चार पायऱ्या खाली, काळी तीनमध्ये. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. इचलकरंजीचाही नाही. मास्तर दोन हजार सहा साली गेले. ऊर्मिला दर दिवाळीला फोन करते, आणि फोन उचलला की आधी 'हॅलो' गाऊन दाखवते.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे, आणि ती वाजवणारं यंत्रही. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लागायच्या आधी कान जवळ नेला तर माझ्या माईकनं पकडलेलं काहीतरी बारीक ऐकू येतं. मधलं बोलणं आणि हसणं हमीदभाईंनी ब्लेडनं कापून काढलं, पण एवढं त्यांनी ठेवलं. ऐकणाऱ्यांना वाटतं, ठेक्याची सुरुवात आहे.

तीन टिक. मग माझा एक श्वास. मग चौथी.